थोडी जड दाखवा

जेल रोडच्या मागच्या गल्लीत
पाळणे, वॉकर आणि रबरी बदकांच्या गर्दीतून
दुकानदार एका हाताने बाबागाडी उचलतो.
"देखो भाभी, साढ़े पाँच किलो. फूल है, फूल."
खटका दाबतो, मिटते छत्रीसारखी.
परत दाबतो, उघडते.
हेरंबच्या डोळ्यांत कौतुक,
नवा फोन हातात घेतल्यासारखं.

मी म्हणते, थोडी जड दाखवा.

त्याला वाटतं माझी हिंदी कच्ची.
तो त्याहून हलकी काढतो.

सुदामा नगरात सगळ्यांना मतं आहेत.
वन्सं म्हणाल्या, चाकं मोठी बघ, रस्ते खणलेत.
खालच्या मुळ्येकाकू म्हणाल्या, गाडीबिडी कशाला,
पोर कसं कडेवरच शोभतं.

कडेवर.
ती कड माझी एका तापात गेली,
मी स्वतःच कुणाच्या तरी कडेवर होते तेव्हा.
तेव्हापासून कॅलिपरची पट्टी,
गुडघ्यावर तळहात,
आणि या शहरातले कठडे मला असे पाठ
जशी बायकांना मॅचिंगची दुकानं.
काठी घे, असं तीन डॉक्टर म्हणाले.
मी तिघांनाही बघू म्हटलं
आणि तीस वर्षं बघतेच आहे.

मी फुलाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवते,
टाकते त्यावर माझा जरासा भार.
पुढची चाकं अलगद वर.
बाळाच्या जागी ठेवलेलं हेरंबचं हेल्मेट
मागे घरंगळतं, टक्कन.

दुकानदार पहिल्यांदाच खाली बघतो,
माझ्या बुटांकडे. एकाचा तळ जाड.
मग काही न बोलता पोऱ्याला हाक मारतो,
"ऊपर से वो भूरी वाली उतार."

भुरी उतरते दोघांच्या हातांतून,
जिन्यावर आपटत, धूळ सांडत.
चौदा किलो. लोखंडी सांगाडा,
एका बाजूचं कापड उन्हानं विटलेलं.
"ये कोई लेता नहीं," तो म्हणतो, आता प्रामाणिकपणे.

आमची रेवती पाच किलो दोनशे ग्रॅम,
परवाच लशीच्या वेळी मोजली.
शेजारच्या किराण्यातून पाच किलोची पिशवी आणवते,
शरबती गव्हाचं पीठ.
पट्टा लावते, टप ओढते, निघते.

गल्लीच्या टोकापर्यंत.
गटाराच्या जाळीवरून, उभ्या स्कूटरींमधून.
डाव्या पायाला आधी कळतं, मला नंतर:
दांडा मागे येत नाही. माझा भार घेतो
आणि पुढे जातो, मुकाट.
समोरून येणाऱ्या कुणाचीही नजर
खाली जात नाही. सगळे टपात बघतात.
एक बाई तर वाकलीच कौतुकानं,
मग माझ्याकडे बघून अशी हसली
की मलाही थांबून हसावं लागलं.
"बहुत गोरा है," म्हणाली.

परतले तर हेरंब जमिनीवर उकिडवा.
आल्या आल्या ब्रेक तपासायला लागला.
एक ब्रेक. खूप वेळ.
चौदा किलो आणि आपला दुसरा मजला,
हे त्याच्या डोक्यात आलं असणारच.
मान वर न करता म्हणाला,
"जिना माझ्याकडे."

बिलावर लिहिलं गेलं: बच्चा गाड़ी, नग एक.
मी म्हटलं, बरोबर आहे.

पीठ परत घ्यायला किराणावाला तयार नाही.
"अब तो ये घूम के आ गया, बहनजी."
म्हणून पिठाला बसवूनच निघालो रिक्षा स्टँडकडे,
मी दांड्याला धरून,
हेरंब माझ्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी,
आणि सात वर्षांच्या सवयीनं
त्याचं कोपर जरासं बाहेर काढलेलं,
रिकामं.